मागाची खोली मोजलीस का?

(मे २०२१, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला लॉकडाऊन; नियम आणि नंबर तेव्हाचे.) प्रश्न बेळगावच्या वडगावातून, विणकरांच्या वस्तीतून आलाय, थोडक्यात मांडते. घरात सात माणसं: सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि लिहिणारी स्वतः. "आम्ही सातजण तीन खोल्यांत" हे तिनं पत्रात तीनदा लिहिलंय. लॉकडाऊनमुळं १० मे २०२१ पासून माग बंद आहे, सूत येत नाही, विणलेल्या साड्या घडी घालून पडल्यात. सासूबाईंना शुगर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. भाजी, गॅस, पैसा कसा पुरवायचा समजत नाही. नवरा सारखा ओरडतो. मुलं मोबाइल सोडत नाहीत. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, तिथं वडील आजारी, आणि मधे राज्याच्या सीमेचा नाका. हिला रात्री झोप नाही, जिना चढला की छातीत धडधडतं. शेवटी विचारलंय, "सिस्टर, मला वेड लागेल का?"

वेड लागणार नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

वयानं तू माझ्या लेकीएवढी, तेव्हा तूच म्हणते. बत्तीस वर्षं मी आरोग्य खात्यात काढली, निम्मी खानापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत आणि उरलेली शहरात. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, लोकांच्या पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधल्या. त्या नोकरीत एक खोड लागली. कुणाच्या घरात शिरलं की मी आधी मोजते आणि मग तोंड उघडते. माणसं किती, पाण्याची भांडी किती, चूल की गॅस, घरची बाई जेवायला किती वाजता बसते. तुझं पत्र वाचतानाही तेच केलं आणि तुझ्या मोजण्यात एक चूक सापडली. ती नंतर सांगते, कारण त्याआधी घाईचं दुसरं आहे.

घाईची आहे ती धडधड. ती विचारांमुळं होते असं तू धरून चाललीयेस. असेलही. पण टेन्शन, टेन्शन म्हणत आलेल्या कितीतरी बायकांचं रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन आठ, साडेआठ निघालेलं मी बघितलंय. बाईचं ते १२ तरी पाहिजे. आपल्याकडं बाई शेवटी जेवते. एरवी दीर बाहेर खायचा, मुलं शाळेत, नवरा मागावर. आता सगळे दिवसभर घरात, दोनदाच्या जागी चारदा खाणं, आणि तुझ्या ताटात येते आमटीच्या तळाची फोडणी आणि मोडकी भाकरी. महिनाभर असं चाललं की जिना चढताना धाप लागणारच की.

तेव्हा पहिलं काम, आशाताईला गाठ आणि रक्त तपासून घे. दवाखान्याला दुकानांसारखं सकाळी ६ ते १० चं बंधन नाही. पोलिसांनी अडवलं तर केसपेपर दाखवायचा. पाळी कधी आली होती तेही तिला सांग. लॉकडाऊनात गोळ्या संपल्या, तांबी बसवायची राहून गेली, अशा बायका मला दोन्ही वर्षी भेटल्या. दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी आशाताईकडं फुकट मिळते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नको, तासभर पुढं-मागं ठेव. वर लिंबू पिळलेलं काही खाल्लंस तर उत्तम. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. रक्त चांगलं निघालं तर थायरॉइड बघायला सांग. आणि ताप, खोकला, वास जाणं, अंग मोडून येणं यातलं काही असेल तर बाकी सगळं बाजूला, आधी कोरोनाची तपासणी. ऑक्सिमीटर गल्लीत कुणाकडं तरी असतोच. बोट उबदार करून, नखाचा रंग पुसून लाव. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटं घरातल्या घरात चालल्यावर तीननं उतरला, तर घरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आता घरातलं काम. इथं मी तुला माझ्याच घरची गोष्ट सांगते. मी नोकरीतून सुटले २०१८ ला. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आम्ही घरी पाचजण होतो, सून घरूनच ऑफिसचं काम करत होती. एक दिवस ती भांडी घासता घासता रडायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी ओट्याशेजारच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला घेतल्या. दुसऱ्या कुणासाठी ती उठली की एक रेघ. सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत चौदा रेघा झाल्या. त्यातल्या पाच एकट्या चहाच्या, आणि त्या पाचांतल्या तीन माझ्या नवऱ्याच्या. हा माणूस सकाळच्या पारी तीनदा चहा पितो हे मला लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर कळलं, कारण त्या वेळेला मी कायम ड्युटीवर. कुणाला काही बोलले नाही. रेघा तशाच ठेवल्या. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, हे काय? सांगितलं. तेव्हापासून दुपारनंतरचा चहा ते स्वतः करतात, साखर जास्त घालतात, पण करतात.

तूही एक दिवस रेघा मार. भांडायच्या आधी मोजलेलं बरं असतं. "मी दिवसभर राबते" म्हटलं की घरातले म्हणतात, आम्ही काय बसलोय का? भिंतीवरच्या रेघांना असलं उत्तर देता येत नाही. मग एकेक काम नावावर करून द्यायचं. मदत असा शब्दच वापरू नको, मदत म्हटलं की काम तुझंच राहतं. पाणी भरणं दिराचं. भांडी रात्रीची नवऱ्याची. सासऱ्यांना निवडणं-टिपणं जमेल, मसूर-तांदूळ निवडायला बसवा, चष्मा लावून तासभर रमतील. नीट नाही केलं तरी परत करायला जाऊ नको. ताटाला खरकटं राहिलं तर राहू दे एक दिवस.

पाण्याचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तो माझा विषय आहे आणि तुमच्याकडं तोच धोका मला जास्त दिसतो. बेळगावात २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास पाणी आलं. बाकीचे आपण अजून नळाची वाट बघणारे. चार-पाच दिवसांचं पाणी म्हणजे पिंपं, हंडे, घागरी, परसातली दगडी डोण, गच्चीवरची टाकी. त्यात यंदा हात धुण्याचं वाढलं. नळ सोडून वीस सेकंद हात चोळले तर दोनएक लिटर पाणी जातं. सात माणसं, दिवसाला सहा वेळा, म्हणजे ८४ लिटर, नुसत्या हातांना. आणि पिंपात मग बुडवून घेत असाल तर धुवायच्या आधीचे हात त्या मगाला, आणि मग त्या पाण्यात.

एक सोपी युक्ती आहे, खानापूरकडच्या शाळांत मी करून दिलेली. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घे. टोपणाच्या जरा खाली, तापवलेल्या खिळ्यानं एकच भोक पाड. मुठीतून काठी घालून कॅन परसात आडवा टांग, असा की पाणी भरल्यावर तोंड जरा वर राहील. गळ्याला सुतळी बांध, तिचं खालचं टोक दुसऱ्या एका काठीला, ती काठी जमिनीवर. काठीवर पाय दिला की कॅन कलतो, करंगळीएवढी धार येते. पाय उचलला की बंद. साबण जुन्या मोज्यात घालून शेजारी लटकवायचा. एका माणसाला पेलाभर पाणी पुरतं. साबण कुठलाही चालतो, अंगाचा, कपड्याचा. ह्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणानं सुटतं. त्याला महागाची बाटली लागत नाही. खाली बादली ठेव, ते पाणी संडासाला वापर.

पण साठवलेल्या पाण्यात डेंगीचा डास होतो. गटारात नाही, आपल्या स्वच्छ पिंपात. अंडं ते डास हा सगळा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो आणि मे महिन्यात वळीव पडायला लागला की परसातल्या करवंटीतसुद्धा सुरू होतो. मी घरोघरी सांगायचे, आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा. बायका म्हणायच्या, आम्ही रोज भरतो, पाणी ताजंच असतं. खरं असायचं. पण वरून भरत राहिलं की तळ कधी रिकामा होतच नाही. आणि नुसतं ओतून देऊनही भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या कडेला पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात, डोळ्याला काळ्या पुडीसारखी दिसतात, आणि वाळून कितीतरी महिने जिवंत राहतात. पाणी आलं की परत फुटतात. म्हणून काथ्यानं घासायचं, विशेषतः पाणी जिथपर्यंत असतं त्या रेघेवर. नळ येणार त्या दिवशी सकाळी, भांडी तळाला गेलेली असतात तेव्हा हे काम होतं. मोठ्या टाकीला जुन्या साडीचं फडकं दुपदरी करून सुतळीनं गच्च बांध.

हे काम तुझं नाही. ते अकरा वर्षांच्या मुलीला दे. बॅटरी, वही, पेन्सिल. दर रविवारी घरातलं आणि शेजारच्या दोन घरांच्या परसातलं प्रत्येक भांडं बघायचं, वळवळणारी अळी दिसली की वहीत लिहायचं, कुठलं भांडं, किती तारीख. धाकट्याला तिचा शिपाई कर. मुलांच्या मोबाइलबद्दल तू इतकं विचारलंस, त्यावर माझ्याकडं एवढंच उत्तर आहे: हातात दुसरं काही दिल्याशिवाय ते सुटत नाही. जेवताना आणि निजताना मोबाइल मोठ्यांचाही बंद, आणि दिराला सांग, बातम्या रात्री आठनंतर नाहीत. कोरोनाचे आकडे सकाळी कळले तरी चालतात.

स्वयंपाकघर. गेल्या वर्षी मी स्वतः घाबरून पंधरा किलो रवा आणि दहा किलो मैदा आणून ठेवला होता. इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलेली बाई! मेच्या दमट हवेत रव्याला जाळी लागली, मैद्यात टोके झाले, आणि निम्मं कोंबड्यांना गेलं. कोथिंबीर ब्लीचिंगच्या पाण्यात धुतली तो किस्सा तर सांगतच नाही. भाजी नळाच्या पाण्यानं धुतली की पुरते.

तुला सांगायचं ते असं, की गोव्याची वाट बंद झाली की बेळगावजवळच्या कडोली पट्ट्यातली भाजी इथंच साचते आणि कोबी मातीमोल होतो. गेल्या वर्षी तेच झालं. शेतकऱ्याला त्यात काही मिळत नाही, पण गल्लीतल्या चार घरांनी मिळून त्याच्याकडून थेट पोतं घेतलं तर दोघांचं भागतं. स्वस्त मिळाला म्हणून सहा दिवस कोबीच करू नको, चिरून उन्हात वाळवता येतो. अंबाडी, म्हणजे आपली पुंडी, राजगिरा, माठ ह्यांत लोह आहे आणि जुडी अजून परवडते. रेशनला मे आणि जून २०२१ साठी केंद्राचं माणशी ५ किलो जादा धान्य आहे. कार्डावरच्या नावांप्रमाणं ते मिळतंय का बघ. तांदूळ साठवताना दोन दिवस सावलीत पसरून, सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेव.

आणि मसूर. तुमच्याच शिवारात, वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या काळ्या रानात, भात निघाल्यावर मसूर करतात आणि आपण मात्र तूरडाळीचा भाव विचारत फिरतो. अख्खा मसूर रात्री भिजत घातला की सकाळी कुकरला दोन शिट्ट्यांत होतो. त्याच कुकरात वरच्या डब्यात भात, बटाटे. शिट्टी झाली की गॅस बंद, वाफ आपोआप जाऊ दे, शिजायचं काम ती वाफच करते. सिलिंडर लावला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, कुठं उधळलं जातं ते पुढच्या वेळी कळतं. बहुतेक वेळा चहातच. आठवड्यातून एक दिवस सासूबाईंना कडक भाकरी करायला सांग, जोंधळ्याची, पातळ. कोरड्या डब्यात आठ-पंधरा दिवस काही होत नाही. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, दही, कांदा. त्या रात्री चूल-गॅस काही पेटवायचंच नाही. मात्र काटकसर म्हणून आतल्या खोलीत चूल पेटवायला जाऊ नको. ह्या साथीत फुप्फुसांना धूर परवडत नाही. चूल परसात, उघड्यावर.

काढा आणि वाफ यांवर दोन शब्द. काढा दिवसातून चारदा पिऊन पोटात आग पडलेली माणसं मी मोजणं सोडून दिलंय. एकदा पुरे. वाफेनं विषाणू मरत नाही. नाक चोंदलं असेल तर मोठ्यांनी घ्यावी, आणि लहान पोराजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं कधीच ठेवू नये.

सासूबाईंच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेव, गोळ्यांच्या पाकिटावर तारीख लिही. लॉकडाऊनात शुगर वाढते ती गोडानं कमी आणि बसून जास्त. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर चालायचं, पाठीमागून नातवंडं. भाताला निम्मा जोंधळा किंवा नाचणी. संकष्टी, गुरुवार धरत असतील तर गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून. पायाचे तळवे रोज रात्री कुणीतरी बघायचे. सासू-सासऱ्यांचा कोविशिल्ड लसीचा एकच डोस झालाय म्हणून घाबरलीस, तर दुसऱ्याचं अंतर १३ मे २०२१ पासून बारा ते सोळा आठवडे झालंय, वेळ गेलेली नाही.

आता नवरा. "सारखा ओरडतो" एवढंच लिहिलंस. मी विचारते, मागावर किती वर्षं आहे? वीस? आठ तासांच्या कामाला ९० डेसिबल आवाज ही मर्यादा धरतात, आणि यंत्रमागाची खोली ती सहज ओलांडते. विणकरांची तपासणी करायला आम्ही जायचो तेव्हा मी मागं उभी राहून हळू आवाजात नाव घ्यायची. चाळिशीच्या पुढचे बरेचजण वळायचेच नाहीत. स्वतःला कमी ऐकू येतं हे त्यांना माहीत नसतं. मागाच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची सवय, आणि माग थांबल्यावरही आवाज तोच. तीन खोल्यांत तो राग वाटतो. वर रात्री कानात चिर्र आवाज, माग चालू असताना तो झाकून जायचा, आता शांततेत छळतो. त्यामुळं झोप नाही, म्हणून चिडचिड, त्यात खिशात पैसा नाही. तू एकदा करून बघ: त्याच्या पाठीमागं चार पावलांवर उभी राहून हळू बोल. वळला नाही तर त्याच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायला घरात सगळ्यांना सांग. निम्मी भांडणं "काय? काय?" वरून होतात. दवाखाने नीट उघडले की कान तपासून घ्या.

हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. हात उचलत असेल, किंवा तुला त्याची भीती वाटत असेल, तर कानाचं कारण सांगू नको आणि ऐकूनही घेऊ नको. १८१ (बायकांची मदतवाणी) किंवा ११२ (पोलीस, तातडीची मदत). हे नंबर सामान आणायच्या यादीच्या मागं लिहून ठेव. आणि नुसतं मन मोकळं करायचं असेल, तुला किंवा त्याला, तर बंगळूरच्या निम्हान्सची, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्याची, मदतवाणी आहे, ०८०-४६११०००७. गडी माणसं फोन करत नाहीत असं म्हणतात. मी लावून दिलेले तिघे-चौघे बोलले, अर्धा-अर्धा तास.

आता तुझी चूक. तीन खोल्या म्हणालीस. माग कुठं आहे? वडगावातली घरं मी आतून बघितलीत. पुढच्या बाजूला लांबट खोली, तिच्यात दोन माग, खिडक्या उंचावर, मधे जायला हातभर वाट. ती चौथी खोली तू धरलीच नाहीस, कारण तुम्हाला ती घर वाटत नाही, धंदा वाटतो. माग चालतो तेव्हा ते बरोबर आहे. आज तो चालत नाही.

मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून सासऱ्यांकडं द्या, म्हणजे मुलांची भीती नाही. कोपऱ्यातली कापसाची धूळ ओल्या फडक्यानं काढा; झाडू मारू नका, ती उडून सगळ्यांच्या छातीत जाते. तेलाच्या बाटल्या वर ठेवा. खिडक्या उघडा. मागाला जुनी वाकळ पांघरा, सूत खराब होणार नाही. भिंतीकडेला एक चटई मावते की नाही बघ. मावणार.

ह्या खोलीचे दोन उपयोग. घरात कुणाला लागण झाली तर त्या माणसाला ठेवायला तुमच्याकडं जागा आहे, हवेशीर, बाहेरून दार असलेली, जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवता येईल अशी. लोक शाळेत, शेतात, झाडाखाली जाऊन राहिले, तुम्हाला तशी वेळ येणार नाही. आणि तोवर ती दुपारी तीन ते चार तुझी. आतून कडी. झोप, रड, आईला फोन कर, छताकडं बघत पड. चार ते पाच सासूबाईंची, त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. रात्री नवऱ्याला तिथं निजायचं असेल तर निजू दे; काहीजणांना मागाच्या जवळ बरी झोप लागते. आणि कधी दोघंही निजा. सात माणसांत नवरा-बायकोला महिनोन् महिने एकमेकांशी खालच्या आवाजात चार वाक्यं बोलायला मिळत नाहीत, त्याची चिडचिड वेगळी असते.

पाळीच्या कापडाचंही इथंच जमेल. पॅड मिळत नाहीत म्हणून परत कापड वापरतेस असं ओझरतं लिहिलंस. त्यात वाईट काही नाही, कचराही होत नाही, पण गच्चीवर दीर-सासरे म्हणून तू ते दुसऱ्या कपड्याखाली वाळवत असणार. तिथंच जंतू वाढतात. उंच खिडकीतून ह्या खोलीत ऊन येतं त्या पट्ट्यात दोरी बांध, उघडं वाळव. वापरलेले पॅड आणि मास्क कागदात गुंडाळून वेगळे ठेव. मास्क तर कापून, ७२ तास तसाच ठेवून मग कचऱ्यात टाकायचा, असा ह्या साथीतला नियम आहे. आपला सगळा कचरा तुरमुरीच्या डेपोला जातो आणि तिथं कुणीतरी तो हातानं निवडतं. भाजीची देठं, सालं फुटक्या बादलीत, तळाला भोकं पाडून, एक थर माती एक थर वाळला पाला. वास आला तर ओल जास्त झाली, पाला घाल.

राहिलं माहेर. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला पिढ्यान्‌पिढ्या बेळगावला येत आलीत, सोयरीक इकडची तिकडं आणि तिकडची इकडं. शिनोळीला, सीमेच्या नाक्यावर, मधे दोरी लागेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. मी तुला जा म्हणणार नाही आणि जाऊ नको असंही म्हणणार नाही. वडिलांची तब्येत गंभीर झाली तर ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआरचा, म्हणजे कोरोनाच्या तपासणीचा, रिपोर्ट, दोन्हीकडचे पास आणि तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रीतसर जा. आडवाटेनं, रात्रीच्या गाडीनं नको. तोवर रोज एकच वेळ ठरव, तीनची, मागाच्या खोलीतली. "कसे आहात?" असं विचारू नको, वडील माणसं बरा आहे म्हणतात. विचार, सकाळी काय खाल्लं, किती खाल्लं, संडासला कधी गेलात, अंगणात किती फेऱ्या झाल्या, ताप मोजला तो किती. आणि रोजचं वहीत लिही. चार दिवसांच्या नोंदी बघितल्या की तब्येत चढतेय की उतरतेय हे तुला इथं बसून कळेल, आणि डॉक्टरांनाही फोनवर सांगता येईल.

लॉकडाऊन आता ७ जून २०२१ पर्यंत वाढवलाय. रविवारी रात्री मला तीन आकडे पाठव: भिंतीवरच्या रेघा किती झाल्या, पोरीच्या वहीत अळ्यांची भांडी किती निघाली, आणि तुझं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन पहिलं लिही.